विद्यार्थ्यांच्या हातचे जेवण

सुतारकाम शिकणारा मुलगा प्रथम टाकाऊ फळीवर रंधा चालवितो. फळी बिघडली तरी कोणाचे फारसे नुकसान होत नाही. स्वयंपाक शिकणाऱ्याची गोष्ट मात्र निराळी आहे. त्याने केलेला पदार्थ कोणीतरी खाल्ल्यावाचून तो साधला की फसला, हे ठरतच नाही. शिवाय खाणाराही असा हवा की, ज्याला पदार्थ करणाऱ्याविषयी विशेष माया नाही. मुलीने लाटलेली पहिली पोळी एखाद्या देशाच्या नकाशासारखी झाली, तरी आई ती कौतुकाने खाते. पैसे मोजून जेवावयास आलेला परका मनुष्य असे कौतुक कशाला करील? तो पोळी पाहील, चव घेईल आणि आवडली नाही तर पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही.

हीच गोष्ट ध्यानात घेऊन पाकविद्या शिकविणाऱ्या अनेक संस्थांनी आपल्या आवारात खरीखुरी भोजनगृहे चालविली आहेत. तेथे स्वयंपाक करणारे विद्यार्थी, वाढणारेही विद्यार्थी. जेवणारे मात्र बाहेरचे लोक. ते आधी जागा राखून येतात, हवे ते पदार्थ मागतात आणि जेवण झाल्यावर रीतसर पैसे देतात. असे एक प्रसिद्ध विद्यालय अमेरिकेत हडसन नदीच्या काठी आहे. त्याची हकीकत मोठी वाचनीय आहे.

दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले आणि लक्षावधी अमेरिकन सैनिक घरी परतले. त्यांतील कित्येक जण शाळेच्या बाकावरून उठून थेट रणांगणावर गेलेले होते. बंदूक चालविता येत होती, पण पोट भरण्याजोगी कला हाती नव्हती. अमेरिकन सरकारने १९४४ मध्येच एक कायदा करून अशा सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलण्याची व्यवस्था केली होती. प्रश्न एवढाच होता की, शिकावयाचे काय? दुसरीकडे त्या देशातील उपाहारगृहांची वेगळीच अडचण झाली होती. तोपर्यंत तेथील मोठ्या स्वयंपाकघरांतून युरोपातून आलेले आचारी काम करीत. युद्धामुळे त्यांचे येणे थांबले आणि कुशल माणूस मिळेनासा झाला.

एकीकडे कामाच्या शोधात असलेली माणसे, दुसरीकडे माणसांच्या शोधात असलेले काम! या दोहोंची गाठ घालून देण्याचे श्रेय दोन स्त्रियांकडे जाते. फ्रान्सिस रॉथ या वकील होत्या. कॅथरीन एंजेल या येल विद्यापीठाच्या माजी अध्यक्षांच्या पत्नी. दोघींपैकी एकीचाही धंदा स्वयंपाकाचा नव्हता, हे विशेष. त्यांच्या खटपटीने मे १९४६ मध्ये न्यू हेवन या गावी एक छोटीशी शाळा सुरू झाली. शिक्षक अवघे तीन होते: एक आहारशास्त्र जाणणारा, एक पाव-बिस्किटे भाजणारा आणि एक आचारी. पुढे १९५१ मध्ये या शाळेला ‘क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’, म्हणजे अमेरिकेचे पाकविद्यालय, हे नाव मिळाले.

ज्याने काल खंदकात चिखल तुडविला, तो आज पांढराशुभ्र अंगरखा घालून कांदा बारीक चिरावयास शिकत आहे, हे दृश्य कोणास हास्यास्पद वाटेल. मला तसे वाटत नाही. आपल्या महाभारतातही गदाधारी भीमाने अज्ञातवासाच्या वर्षी विराट राजाच्या मुदपाकखान्यात बल्लव या नावाने चाकरी केलीच की! निष्णात आचाऱ्यास आपण मराठीत बल्लवाचार्य म्हणतो, तो शब्द भीमाच्या या नावाचीच आठवण करून देतो. पराक्रमी पुरुषाने पळी हाती धरली म्हणून व्यासांनी त्याला कमी लेखले नाही. आपण मात्र प्रत्यक्षात ‘तो काय, स्वयंपाकी आहे’ असे सहज बोलून जातो, आणि त्याच्याच हातचे जेवण मिटक्या मारीत जेवतो.

विद्यार्थी वाढू लागले, तशी न्यू हेवनची जागा अपुरी पडू लागली. तेव्हा संस्थेने न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस हाइड पार्क येथे हडसनच्या तीरावरील एक जुना मठ १९७० मध्ये विकत घेतला आणि १९७२ मध्ये तेथे शाळा सुरू झाली. हा मठ जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा होता. उंच छताचे त्यांचे प्रार्थनामंदिर अजूनही उभे आहे. त्याच्या खिडक्यांतून रंगीत काचांवरची चित्रे उजळतात. पण शाळा आल्यावर तेथे बसून विद्यार्थी जेवू लागले. विद्यालयाच्या मुख्य इमारतीला फ्रान्सिस रॉथ यांचे नाव दिलेले आहे. जवळच साधूंची दफनभूमी आहे. पिएर तेयार द शार्दँ हा विख्यात फ्रेंच तत्त्वचिंतक १९५५ पासून तेथे चिरनिद्रा घेत आहे. त्याची समाधी पाहावयास येणारे लोक पाव भाजल्याच्या वासानेही सुखावत असतील.

या आवारात विद्यार्थ्यांनी चालविलेली एकाहून अधिक भोजनगृहे आहेत. एकात इटलीचे पदार्थ, दुसऱ्यात अमेरिकेच्या मातीतले, तर तिसऱ्यात फ्रान्सचे. फ्रेंच भोजनगृहाला प्रथम ओग्यूस्त एस्कोफिए याचे नाव होते. २०१३ मध्ये ते बदलून पॉल बोक्यूज याचे नाव दिले गेले. हे दोघेही फ्रान्सचे थोर बल्लवाचार्य.

एस्कोफिए (१८४६ ते १९३५) याच्या तरुणपणी मोठ्या हॉटेलांची स्वयंपाकघरे म्हणजे आरडाओरडा, शिव्या आणि मद्यपान यांचे माहेरघर. त्याने आचाऱ्यांना मद्याऐवजी सातूचे पेय दिले, अपशब्दांस बंदी केली आणि सैन्यासारखी कामाची वाटणी केली. एकाने मासे पाहावे, एकाने भाजण्याचे काम करावे, एकाने सॉस सिद्ध करावे, एकाने केवळ गोड पदार्थ. या सर्वांवर एक मुख्य आचारी. पूर्वी एकच माणूस एक पदार्थ अथपासून इतिपर्यंत करी, त्यास फार वेळ लागे. आता एकाच ताटातील चार वस्तू चार हातांनी एकाच वेळी तयार होऊ लागल्या. आज जगातील बहुतेक मोठी स्वयंपाकघरे याच पद्धतीने चालतात, आणि शिकाऊ विद्यार्थ्यासही प्रथम या तुकडीतील आपली जागा ओळखावी लागते.

संध्याकाळी जेवणारे यावयाचे असले, तरी काम दुपारपासूनच सुरू होते. फ्रेंच आचारी पूर्वतयारीस ‘मीझ आं प्लास’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘जागच्या जागी ठेवणे’. गाजराचे, कांद्याचे तुकडे करावयाचे तर ते सारखे हवेत. अगदी बारीक तुकड्याची बाजू तीन मिलिमीटर भरली पाहिजे, चार नव्हे. हा निव्वळ हट्ट नव्हे. लहानमोठे तुकडे एकाच भांड्यात टाकले तर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. तुमच्या घरी बटाट्याच्या काचऱ्या करताना आई हाच नियम पाळते. फक्त ती पट्टी लावून मोजत नाही, इतकेच. कच्च्या मांसाची फळी निराळी, भाजीची निराळी. गरम पदार्थ गरम राहिला पाहिजे, थंड पदार्थ थंड. कारण सुमारे ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यानच्या उष्णतेत सूक्ष्मजंतू झपाट्याने वाढतात. या नियमात कुचराई झाली तर केवळ गुण कमी होत नाहीत, समोर विश्वासाने बसलेला मनुष्य आजारी पडतो. शाळेतील गणिताचे उत्तर चुकले म्हणून कोणाच्या पोटात दुखत नाही, येथे दुखते.

आता एका पदार्थाची गंमत पाहा. पॉल बोक्यूजने १९७५ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीसाठी एक सूप तयार केले होते. त्यात ट्रफल नावाची सुगंधी कवके असतात. ती झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढतात आणि फार महाग असतात. हे सूप वाडग्यात घालून त्यावर पिठाच्या पातळ पोळीचे झाकण बसवितात आणि तो वाडगा भट्टीत ठेवतात. ही पोळी साधी नव्हे. आपल्याकडे चिरोट्यांना साटा लावून पदर काढतात, तसे या पोळीत लोण्याचे आणि पिठाचे एकाआड एक कितीतरी पापुद्रे असतात. बेकरीतील खारी तुम्ही चहात बुडवून खाल्ली असेल, तीच जात ही. भट्टीच्या उष्णतेने पिठातील आणि लोण्यातील पाण्याची वाफ होते, ती पापुद्र्यांना एकमेकांपासून उचलते आणि झाकण घुमटासारखे फुगते. आतला सुगंध कोंडून राहतो. जेवणारा चमच्याने घुमट फोडतो, तेव्हाच तो सुगंध दरवळतो.

ऐकावयास सोपे, करावयास अवघड. सूप पुरते थंड झाल्यावाचून झाकण घातले, तर खालच्या उबेने लोणी आधीच वितळते आणि पदर एकमेकांस चिकटून बसतात. कड नीट दाबली नाही, तर वाफ फटीतून निसटते आणि घुमट चढतच नाही. भट्टीचे दार उतावळेपणाने उघडले, तर अर्धवट भाजलेला घुमट बसकण मारतो. यांतील कोणतीही चूक दडवून ठेवता येत नाही. झाकण बसले आहे, हे खोलीच्या पलीकडच्या टोकासही दिसते. अशा वेळी शिक्षक काय करतात? ते वाडगा बाजूस ठेवावयास सांगतात आणि दुसरा सुरू करावयास लावतात. जेवणाऱ्यास थोडा वेळ थांबावे लागते. पण फसलेले पान शिक्षकाच्या नजरेखालून बाहेर जात नाही, हा अशा भोजनगृहांचा पहिला दंडक होय. विद्यार्थ्यांनी आपल्यावर प्रयोग करावे का, असे कोणी विचारतो, त्यास हेच उत्तर आहे.

स्वयंपाकघरातील गडबड ऐन वेळेला पाहण्यासारखी असते. मागणीचा कागद आला की, मुख्य जागी उभा असलेला तो मोठ्याने वाचतो आणि ज्याचे त्याचे काम असेल तो विद्यार्थी लगेच होकार देतो. ऐकले पण उत्तर दिले नाही, असे चालत नाही. कारण एकाच मेजावरच्या चौघांचे पदार्थ एकाच क्षणी तयार व्हावयास हवेत. मासा चार मिनिटांत होणारा आणि मांसाचा तुकडा वीस मिनिटांत होणारा असेल, तर मासा सोळा मिनिटे उशिरा चढवावयाचा. हे गणित फळ्यावर सोडविणे सोपे आहे. दहा मेजांची दहा गणिते एकाच वेळी, धगीसमोर उभे राहून सोडविताना चांगल्या चांगल्यांस घाम फुटतो.

बाहेरच्या दालनात वाढणारेही विद्यार्थीच असतात, हे वर सांगितलेच आहे. आचारी होण्यासाठी आलेल्या तरुणास वाढप्याचे काम करावयास लावणे कित्येकांना प्रथम रुचत नाही. पण विद्यालयाने हा नियम मुद्दाम ठेवला आहे. शिक्षणाच्या शेवटच्या काळात काही दिवस भट्टीपुढे, काही दिवस मेजापाशी अशी पाळी येते. भट्टीपुढे उभ्या असलेल्यास फक्त पदार्थ दिसतो. तो खाणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. कोणी अर्धे ताट तसेच ठेवले, कोणी शेवटचा थेंबसुद्धा पावाने पुसून घेतला, हे कळावे कसे? वाढणाऱ्यास ते कळते.

वाढण्याचेही शास्त्र असते. पाश्चात्य रीतीत घोटभर पाणी ओतावयाचे तर उजव्या बाजूने, पाव वाढावयाचा तर डाव्या बाजूने, असे संकेत आहेत. आपणांस ते नवे वाटतील, पण चमत्कारिक वाटू नयेत. आपल्या पंगतीत मीठ पानाच्या वरच्या बाजूस मध्यभागी, चटणी-कोशिंबीर डाव्या हाताला आणि भाजी उजव्या हाताला वाढतात. लग्नात कोणी हौशी तरुण भाजी डाव्या बाजूस वाढून गेला, तर आजी त्याला भर पंगतीत परत बोलावते. हाइड पार्कच्या दालनातील शिक्षक आजीइतके मोठ्याने बोलत नसतील. पण त्यांचेही लक्ष तितकेच बारीक असते. नवख्या वाढप्याचा हात थरथरतो. चहाच्या पेल्यातून दोन थेंब बशीत सांडतात. जेवणारे समजूतदार असले तर न पाहिल्यासारखे करतात. माझ्या मते मात्र जेवणाऱ्यांनी अगदीच गप्प राहू नये. सूप खारट झाले असेल तर सौम्य शब्दांत ‘खारट झाले’ असे सांगावे. तेथे जेवावयास येणारा मनुष्य एका परीने परीक्षकच असतो, आणि उगाच पूर्ण गुण देणारा परीक्षक विद्यार्थ्याचे नुकसान करतो.

विद्यार्थ्यांनी केलेले जेवण म्हणून ते अगदी स्वस्त असेल, अशी मात्र कोणी कल्पना करू नये. सामग्री उंची असते, तिचे मोल द्यावेच लागते. आणि शिकाऊ हातचे म्हणून ते दुय्यम असते, असेही नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी १८९३ मध्ये झाक चूमी याने सरोवराकाठच्या एका हॉटेलातील खोल्यांत हॉटेल व्यवसायाची शाळा काढली. या प्रकारची जगातील ही सर्वांत जुनी शाळा मानतात. तिच्या भोजनगृहाचे नाव मोठे सुरेख आहे, ‘संवेदनांचा पाळणा’ असा त्याचा अर्थ होतो. त्या भोजनगृहाला २०१९ मध्ये मिशेलिनचा तारा मिळाला. हा मान मिळविण्यासाठी जगातील नाणावलेले आचारी आयुष्यभर झटतात, आणि येथे तर पाने विद्यार्थ्यांच्या हातांनी वाढली जातात. शिकविणारे गुरू कसलेले असतात, हे अर्थात विसरता येत नाही.

मुलांनो, आपल्या महाराष्ट्रातही अशी जुनी संस्था आहे. तिचा उगम युद्धातून नव्हे, धान्याच्या टंचाईतून झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत देशात गहू-तांदूळ पुरेसे नव्हते. शिधापत्रिकेवर मोजके धान्य मिळे. त्या काळी लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या एका अखिल भारतीय परिषदेने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहे काढली. टंचाईच्या धान्याऐवजी कंद, भाज्या यांचे रुचकर पदार्थ तेथे मिळत. नुसते ‘भात कमी खा’ असे भाषणात सांगून कोणी ऐकत नाही. भाताऐवजी जे खावयाचे, ते आधी जिभेला पटावे लागते. आणि ते पटवील असा स्वयंपाक करणारी माणसे शिकवून तयार करावी लागतात. याच चळवळीतून १९५४ मध्ये मुंबईत पाकविद्येचे व आहारशास्त्राचे शिक्षण देणारी संस्था जन्मास आली. प्रारंभी ती अंधेरीस भवन्स महाविद्यालयाच्या आवारात भरे. पुढे ती दादरला वीर सावरकर मार्गावर आली. हॉटेल व्यवस्थापनाची संस्था म्हणून ती आज ओळखली जाते, आणि तेथील विद्यार्थीही रांधणे व वाढणे ही दोन्ही कामे करून शिकतात.

पुन्हा हडसनकाठी जाऊ. मायकेल रूलमन नावाच्या एका लेखकाने या विद्यालयात विद्यार्थ्यांबरोबर शिकून १९९७ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एका हिवाळ्यातील प्रसंग आहे. बर्फाचे मोठे वादळ झाले होते. रस्ते निसरडे, घर दूर. दुसरे दिवशी प्रात्यक्षिक. आपण तर लेखक, आचारी नव्हे. एक दिवस चुकला तर काय बिघडले, असे त्याच्या मनात आले आणि त्याने तसे शिक्षकांस सांगितले. शिक्षकांनी त्याला रागे भरले नाही. आचारी हवा कशीही असली तरी कामावर येतो, एवढेच त्यांनी त्याला ऐकविले. लेखकास ते बोल झोंबले. तो चिडला आणि मग त्याच बर्फातून गाडी हाकीत वर्गात जाऊन हजर झाला. ज्या भोजनगृहात साठ माणसांनी जागा राखून ठेवली आहे, तेथे आचारीच आला नाही तर त्या साठ जणांनी काय करावे, हा विचार त्या शिक्षकांच्या मनात असणार.

रात्री शेवटचा पाहुणा उठून गेला तरी विद्यार्थ्यांचा दिवस संपत नाही. उरलेले पदार्थ झाकून त्यांवर दिनांक लिहावयाचे, सुऱ्या धुऊन पुसून ठेवावयाच्या, शेगड्या घासावयाच्या, फरशी धुवावयाची. हे काम करावयास वेगळा नोकर नाही. मग उद्या किती मेजे भरली आहेत ते पाहून उद्याच्या भाज्यांची यादी होते. आठवड्याअखेरीस पाळी बदलते. इतके दिवस घुमट फुगवीत असलेला विद्यार्थी सोमवारी स्वच्छ अंगरखा घालून बाहेरच्या दालनात येतो. दुसऱ्या कोणी भाजलेला वाडगा तो दोन्ही हातांनी सांभाळीत मेजापाशी नेतो, खाली ठेवतो आणि जेवणाऱ्याने चमचा उचलेपर्यंत एक पाऊल मागे सरून उभा राहतो.